तारेवर विणलेली गुहा

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या परिसरात एक कलादालन आहे. त्याला दर्शनी बाजू अशी नाहीच. जमिनीतून पांढरे फुगवटे वर आले आहेत, लहानमोठे, एकमेकांत मिसळून गेलेले. त्यांच्यावर फुटक्या टाइल्सचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवले आहेत, आणि त्या पांढऱ्या पाठीवरून काळ्या तुकड्यांचा एक साप गेला आहे. फुगवट्यांतून उजेड आत घेणारी गोल तोंडं वर निघाली आहेत. आत जायचं तर खाली उतरावं लागतं. ही वास्तू बाळकृष्ण दोशी यांनी रचली, मकबूल फिदा हुसेन यांनी रंगवली, आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात ती उभी राहिली. आधी तिचं नाव ‘हुसेन-दोशी गुफा’ होतं, आता ‘अमदावाद नी गुफा’ आहे.

या पुस्तकाचा विषय ही एकच इमारत आहे. आकाराने ती मोठी नाही, संग्रहालय म्हणून तिच्याकडे फार मोठा संग्रहही नाही. तरी तिच्यावर पुस्तकभर लिहावंसं वाटलं, कारण वास्तुरचनाकाराच्या मनातली कल्पना शिल्पासारखी इमारत कशी होते, ही वाट इथे टप्प्याटप्प्याने दिसते. जगातल्या गाजलेल्या संग्रहालयांत ती कंत्राटं, यंत्रं आणि प्रसिद्धीच्या गर्दीत हरवते. आपल्यासमोर तयार आकार येतो आणि तो कलावंताला एका झटक्यात सुचला असेल असं आपण मानून चालतो. गुफेबद्दल तसं मानता येत नाही. तिच्या आकाराला निदान चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात दोशींचे हात जितके आहेत तितकेच इतरांचे.

दोशी पुण्याचे. 1927 साली तिथे त्यांचा जन्म झाला. आजोबांचा फर्निचरचा व्यवसाय असल्यामुळे लाकूड, सांधे आणि मापं लहानपणीच डोळ्यांखालून गेली. पुढे मुंबईच्या सर जे. जे. मध्ये ते वास्तुकला शिकले. हुसेन पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून त्यांनी पोट भरलं आणि तिथेच मोठ्या पृष्ठभागावर एका दमात रेषा ओढायची सवय हाताला लागली. मराठी वाचकाला हे जन्मगावांचं नातं सुखावणारं आहे. पण गुफा महाराष्ट्राची म्हणता येणार नाही. ती अहमदाबादची आहे, आणि तिच्या आकाराचं पहिलं कारण म्हणजे तिथलं ऊन.

मे महिन्यात त्या शहरात पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी चित्रांचं घर बांधायचं तर भिंतींच्या आधी सावलीचा विचार करावा लागतो. 1950 च्या दशकात ल कॉर्बुझिए यांनी याच शहरासाठी संस्कार केंद्राचं संग्रहालय रचलं. खांबांवर उचललेली विटांची चौकोनी पेटी, मधल्या चौकापासून बाहेर उलगडत जाणारी दालनं, आणि गारव्यासाठी छतावर पाण्याचे हौद नि वेली, अशी ती कल्पना होती. पॅरिसमध्ये कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम करून 1954 साली परतलेले दोशी त्यांच्या अहमदाबादमधल्या कामांवर देखरेख करत होते. उन्हाला उत्तर म्हणून इमारत जमिनीपासून उचलायची आणि डोक्यावर पाणी धरायचं, हा विचार त्यांनी अगदी जवळून पाहिला. त्यानंतरची कितीतरी वर्षं ते हळूहळू उलट दिशेने चालत गेले. 1980 च्या सुमारास त्यांनी स्वतःचं कार्यालय बांधलं, ‘संगथ’. तिथे लांबट अर्धगोल छपरं जमिनीत निम्मी उतरवली आहेत, त्यांच्यावर पांढरं चायना मोझेक आहे, पावसाचं पाणी पन्हळींतून खाली वाहत येतं. आतलं तापमान राखायला माती आणि छपराचे थर मदत करतात. संगथ पाहिल्यावर गुफा अचानक उगवलेली वाटत नाही. जमिनीत उतरायचा निर्णय तिथेच झाला होता. सरळ भिंत सोडून देण्याचा मात्र अजून व्हायचा होता.

त्याचंही एक मूळ पॅरिसमध्ये सापडतं. दोशी कॉर्बुझिएंच्या कार्यालयात होते तेव्हा कॉर्बुझिए रोंशाँचं चर्च रचत होते. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर मिळालेलं खेकड्याचं कवच कॉर्बुझिएंनी टेबलावर ठेवलं होतं आणि त्यातून त्या छपराची कल्पना निघाली, असं ते स्वतः सांगत. छप्पर बाहेरून प्रचंड जड दिसतं. प्रत्यक्षात ती काँक्रीटची दोन कवचं आहेत, प्रत्येक फक्त 6 सेंटिमीटर जाडीचं, मध्ये पोकळी. जाड दिसणारी वस्तू पातळ असू शकते, आणि वजनाचा भास आकारातून निर्माण करता येतो, हे काटकोनाचा पुरस्कार करणाऱ्या त्या काळात सिद्ध झालं. तरुण दोशींनी ते पाहिलं. लगेच वापरलं नाही. त्यानंतरच्या त्यांच्या इमारती काँक्रीटच्या, विटांच्या, रेखीव आहेत. काही कल्पना कलावंताकडे अशाच पडून असतात, योग्य काम येईपर्यंत.

ते काम घेऊन हुसेन आले. दोघांची मैत्री जुनी होती. हुसेन यांना आपल्या चित्रांसाठी कायमची जागा हवी होती, आणि ती दोघांनी मिळून करावी अशी इच्छा होती. दोशी पुढे सांगत की त्यांना स्वप्नात कासव दिसलं, विष्णूचा कूर्मावतार, आणि त्याने त्यांना वाट दाखवली. महाराष्ट्रातल्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेलं दगडी कासव ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे स्वप्न परकं वाटणार नाही. मला या कथेत दैवी चमत्कारापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कासव हे एकाच वेळी प्राणी आहे, घर आहे आणि पाठीवर ओझं पेलणारं छप्पर आहे. खेकड्याच्या कवचापासून संगथच्या छपरांपर्यंत दोशी जे शोधत होते त्याला या प्रतिमेत एक देह मिळाला. गुफेचे फुगवटे पाहिले की कासवाची पाठ दिसते, पण दोशींनी कासवाचा पुतळा बांधला नाही. कवच कसं काम करतं, तेवढंच त्यांनी घेतलं.

दुसरी प्रेरणा लेण्यांची. अजिंठ्याचं नाव गुफेच्या संदर्भात नेहमी घेतलं जातं, आणि ते रास्त आहे. जमिनीच्या पोटातला गारवा, अंधारातून हळूहळू उमटणारी चित्रं, चित्रापाशी पोहोचण्याआधी डोळ्यांना द्यावा लागणारा वेळ, हे सगळं तिथून आलं. मात्र बांधणीच्या अंगाने दोन्हींची तुलना केली तर एक विलक्षण उलटापालट दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या कमानीखाली लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. दगडाला त्यांची काही गरज नव्हती. कोरणाऱ्यांना आधीच्या लाकडी सभागृहांचं रूप दगडात हवं होतं म्हणून त्या आल्या. तिथे कातळ लाकडाचं रूप घेतो, तर अहमदाबादमध्ये एक इंच जाडीचं सिमेंट कातळाचं. लेणं कोरताना वरून खाली दगड काढत जातात, चुकलेला घाव परत भरता येत नाही. गुफा उलट रीतीने झाली आहे. तिथे काहीच काढलेलं नाही, सगळं घातलेलं आहे, एकेक तार बांधून.

त्या तारेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते गुफेचं मर्म तिथे आहे. बांधकामाचं नाव फेरोसिमेंट. बारीक सळया हव्या त्या आकारात वाकवायच्या, त्यांच्यावर जाळीचे थर ओढून तारेने आवळायचे, आणि मग त्या जाळीत वाळू-सिमेंटचा माल हाताने दाबून भरायचा. खडी नाही. जाळी इतकी दाट असते की माल तिला धरून राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लांबो यांनी 1848 च्या सुमारास याच पद्धतीने छोटी होडी केली होती, आणि विसाव्या शतकात इटलीचे पिएर लुइजी नेर्वी यांनी ती मोठ्या इमारतींमध्ये आणली. जाडी कमी असूनही ताकद येते ती वळणातून. सपाट कागद हातात धरला तर लगेच खाली लोंबतो, थोडा वाकवून धरला की ताठ उभा राहतो. गुफेचा पृष्ठभाग तर दोन्ही दिशांना वळलेला आहे, त्यामुळे वजन एका ठिकाणी न साचता सर्व बाजूंना पसरत जातं. भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही, आणि तसं सांगता येत नाही म्हणूनच ती उभी आहे. नेहमीसारखा खोल पायादेखील तिला नाही. जमीन, भिंत, खांब, घुमट, सगळं एकाच सलग कवचाचा भाग आहे.

फेरोसिमेंटचा दुसरा गुण पैशांशी निगडित आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. वळणदार काँक्रीटचा खरा खर्च काँक्रीटवर होत नाही, सेंटरिंगवर होतो. ओला माल सुकेपर्यंत धरून ठेवायला लाकडाचा साचा लागतो, आणि वळणं वाढली की साच्याचं काम मूळ कामापेक्षा अवघड होऊन बसतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. फ्रँक लॉइड राइट यांना ते काम 1943 मध्ये मिळालं आणि ते संग्रहालय उघडलं 1959 च्या ऑक्टोबरमध्ये, राइट यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी. त्याची बाहेरची वर्तुळाकार भिंत करताना प्लायवूडचे वक्र साचे उभारले आणि आतून काँक्रीट फवारलं. कल्पना अखंड वळणाची होती, ती साकार करायला आधी लाकडाची एक तात्पुरती इमारत बांधावी लागली. गुफेत जाळी हाच साचा आहे आणि जाळीच ताकद. साचा काढून टाकावा लागत नाही, तो भिंतीच्या पोटात कायम राहतो. म्हणून कमी पैशांत, कमी यंत्रांत इतका मुक्त आकार शक्य झाला. दोशींच्या कल्पनेला योग्य साहित्य मिळालं नसतं तर ती सुंदर रेखाटन होऊन कागदावरच राहिली असती.

जाळी बांधणारे लोक स्थानिक आदिवासी मजूर होते आणि त्यांच्याकडे हातातली साधी अवजारं होती. गवंडीकामाचं शिक्षण त्यांना नव्हतं. मला हे गुफेचं भाग्य वाटतं. तयार गवंड्याचा हात ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांच्या शिस्तीत घडलेला असतो. भिंत जरा झुकली की तो अस्वस्थ होतो, आणि त्याने अस्वस्थ व्हायलाच हवं, तीच त्याची विद्या. गुफेत एकही पृष्ठभाग ओळंब्यात नाही. तिथे असा हात हवा होता जो वळण डोळ्याने आणि तळव्याने जोखेल. शेणामातीने भिंती सारवणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसांना हे जमतं, कारण त्यांची घरंही हाताने गोलाई घेतात. याच गुफेसाठी संगणकाचीही मदत घेतली गेली होती. एवढ्या अनियमित कवचात ताण कुठे साचतील हे काढण्यासाठी त्याचा उपयोग झाला. त्या काळी आपल्या बहुतेक वास्तुरचना कार्यालयांत ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर यांचंच राज्य होतं, हे लक्षात घेतलं तर या जोडीची नवलाई कळेल. गणित नव्या यंत्राने केलं, काम जुन्या हातांनी.

याच वर्षांत स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात फ्रँक गेरी दुसरं गुगेनहाइम बांधत होते. ते 1997 मध्ये उघडलं आणि शिल्पासारख्या संग्रहालयाचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ठरलं. गेरी कागद-पुठ्ठ्याची प्रारूपं हाताने करत. ती संगणकात उतरवायला विमानं बनवणाऱ्या दासो कंपनीचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, आणि त्यावरून टायटॅनियमचे सुमारे 33,000 पत्रे कापले गेले. गेरींच्या हाताने जो कागद जसा वाकला, तसाच तो धातूत उतरला पाहिजे, यासाठी ती सारी यंत्रणा होती. मला बिल्बाओ मनापासून आवडतं. पण तिथे संगणकाचं काम वास्तुरचनाकाराची मूळ हालचाल जशीच्या तशी जपणं हे होतं, आणि गुफेत संगणकाने फक्त एवढंच सांगितलं की हे उभं राहील. त्यानंतर अंतिम वळण जाळी बांधणाऱ्याच्या हाती सोडलं गेलं. दोशी आधीही असं करत आले होते. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जोतं, पाणी आणि संडास-मोरी एवढं दिलं, बाकी घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नकाशा पूर्ण न करण्याचं धैर्य त्यांना तिथे आलं, असं मी मानतो. घरांच्या वसाहतीत वापरलेला तो विश्वास त्यांनी कलादालनात आणला, म्हणूनच गुफेच्या पृष्ठभागाला हाताने घडवलेल्या वस्तूचा जिवंतपणा आहे.

मग हुसेन आत आले. त्यांच्यासमोर अशी जागा होती की जिच्यात चौकटीचं चित्र टांगायला एक हातभर सपाट भिंत नव्हती. खांब झाडांच्या बुंध्यांसारखे तिरपे, जमीन उंचसखल, वरच्या तोंडांतून येणारे उन्हाचे गोल ठिपके दिवसभर सरकत राहणारे. चित्रकाराला सोय म्हणावी असं काहीच नाही. हुसेन यांनी भिंतींवर, दारांवर, एवढंच काय, वातानुकूलन यंत्रांवरही थेट रंगवलं. आदिम गुहाचित्रांशी नातं सांगणाऱ्या आकृत्या त्यांनी काढल्या, वळणावर वळण घेत पसरलेला शेषनाग काढला, आणि धातूच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्या खांबांमध्ये उभ्या केल्या. होर्डिंगवर चढून वीस फुटी चेहरा रंगवणाऱ्या हाताला हे आव्हान पेलता आलं. दुसऱ्या चित्रकाराने कदाचित दार लावून घेतलं असतं.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो प्रत्येक शिल्पासारख्या संग्रहालयावर घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. 1956 मध्ये विलेम डी कूनिंग, फ्रांझ क्लाइन यांच्यासह 21 चित्रकारांनी राइट यांच्या संग्रहालयाविरुद्ध पत्र लिहिलं होतं. उतरती जमीन आणि कललेली भिंत यांच्यावर सपाट, चौकोनी चित्र नीट बघता येणार नाही, ही त्यांची तक्रार होती. राइट यांचा उत्तरादाखल विचार असा की कललेल्या भिंतीवर चित्र ईझलवर असल्यासारखं दिसेल. प्रत्यक्षात तिथल्या संचालकांनी चित्रं भिंतीपासून पुढे आलेल्या धातूच्या दांड्यांवर बसवली. गुफेला तोच आक्षेप अधिक कठोरपणे लावता येतो. तिच्यात दुसऱ्या कुणाचं चित्र येऊ शकत नाही, प्रदर्शन बदलता येत नाही, संग्रह वाढवता येत नाही. संग्रहालय या संस्थेकडून आपण ज्या गोष्टींची अपेक्षा करतो त्यांतल्या बऱ्याच तिथे नाहीत. मी हा आक्षेप मान्य करतो आणि तरीही गुफेच्या बाजूने उभा राहतो. तिने बदलत्या चित्रांसाठी जागा देण्याचं वचन दिलंच नव्हतं. अजिंठ्यातलं चित्र काढून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून ते लेणं अपुरं ठरत नाही. फिरत्या प्रदर्शनांसाठी परिसरात वेगळं दालन आहे, ते त्याचं काम करतं.

त्याच दालनावर ऑक्टोबर 1996 मध्ये हल्ला झाला. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी हुसेन यांची चित्रं आणि भिंतीवर टांगायची विणलेली कामं उद्ध्वस्त केली. हुसेन 2006 मध्ये देशाबाहेर गेले, पुढे त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि 2011 साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ज्या शहरात त्यांच्या रेषा भिंतीचाच भाग होऊन बसल्या आहेत तिथे ते परतू शकले नाहीत. इमारतीचं नावही बदललं. या घटनांचा राग मला आजही येतो आणि तो लपवण्याची गरज वाटत नाही. दोशींना 2018 मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर जगभरच्या विद्यार्थ्यांची पावलं अहमदाबादकडे वळली. 2023 च्या जानेवारीत दोशीही गेले.

आता गुफेपुढे उरलेला प्रश्न देखभालीचा आहे. एक इंचाचं कवच म्हणजे गंजाला आतल्या तारेपर्यंत पोहोचायला फार अंतर पार करावं लागत नाही. पावसाचं पाणी मोझेकच्या सांध्यातून आत शिरलं तर जाळी फुगते, माल सुटतो, आणि आतल्या बाजूला जर हुसेन यांची आकृती असेल तर चित्र आणि छप्पर यांची दुरुस्ती एकदमच करावी लागते. चित्र जतन करणाऱ्याला सिमेंट कळलं पाहिजे आणि सिमेंटचं काम करणाऱ्याला रंग. अशी माणसं तयार करण्याची व्यवस्था आपल्या कलासंस्थांत अजून नाही. म्हणून या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मी जाळी, माल आणि थरांना दिली आहेत, कासव आणि लेणी त्यांच्या नंतर येतात. चित्रांसाठी पुस्तक उघडणाऱ्या वाचकाने ती पानं वगळू नयेत, अशी विनंती आहे. त्यांतल्या आकृत्यांत कवचाचे थर बाहेरून आत ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दाखवले आहेत: मोझेक, माल, जाळी, सळई, पुन्हा जाळी, पुन्हा माल, आणि शेवटी रंग.